सरकारी श्वानाची बेअदबी

कायदा केला कीं काम झालें, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची एक जुनी श्रद्धा आहे. आणि अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानें देणाऱ्यांनाहि ती सुटलेली नाहीं. हल्लीं या श्रद्धेला एक नवें दैवत सांपडलें आहे. तें म्हणजे पोलीसदलांतील कुत्रा. त्याला मारणें, जखमी करणें, विष घालणें हा गुन्हा असावा याविषयीं दुमत नाहीं; तो गुन्हा आहेच. परंतु त्याच्याकडे पाहून भुंकणें, त्याला वेडावणें, शीळ घालून वा हातवारे करून त्याला डिवचणें, हाहि स्वतंत्र अपराध म्हणून दंडविधानांत घालावा व त्यास कैदेची शिक्षा ठेवावी, असें चांगलीं शिकलेलीं माणसें गंभीर चेहऱ्यानें बोलतांना मीं ऐकलीं आहेत. परदेशांत असे कायदे आहेत, हा त्यांचा मुख्य आधार. दुसरा आधार भूतदयेचा. हे दोन्ही आधार किती भक्कम आहेत तें एकदां हलवून पाहिलें पाहिजे; कारण या सूचनेच्या पोटीं जें आहे तें भूतदयेपेक्षां अगदींच वेगळें आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम प्रसंग कोणता तो पाहूं. आमच्या भंडारा जिल्ह्यांत, मग तें तुमसर असो, पवनी असो, कीं साकोलीकडील एखादें खेडें असो, चोरी झाली, खून झाला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून श्वानपथकाची गाडी येते. दार उघडतें, साखळी धरलेला शिपाई उतरतो आणि त्याच्यापुढें तो उमदा प्राणी. धानाचीं कामें टाकून अर्धें गांव जमलेलें असतें. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून भिंतीशीं उभ्या राहतात, पोरें झाडावर चढतात. कोणी 'यू, यू' करतो, कोणी भुंकून दाखवितो, कोणी खडा टाकण्याचें नुसतें सोंग करतो. गांवचीं कुत्रीं तर आधींपासूनच भुंकत असतात, व त्यांच्यावर खटला भरावा अशी सूचना मात्र अद्याप कोणीं केलेली नाहीं. हा सारा प्रकार अडाणीपणाचा आहे, त्रासदायक आहे, हें मी मान्य करतों. शिपायानें दोन शब्द सुनवावे, गर्दी मागें रेटावी, हें योग्यच. प्रश्न एवढाच कीं, झाडावरच्या त्या पोराला न्यायालयांत उभें करावयाचें काय?

ज्यांना 'होय' म्हणावेंसें वाटतें त्यांनीं अगोदर असलेले कायदे तरी वाचावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. तिच्या ३२५ व्या कलमाप्रमाणें कोणत्याहि जनावरास ठार करणें, विष घालणें, पंगु वा निकामी करणें यांस पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. जुन्या दंडसंहितेंत जनावराच्या किंमतीवर शिक्षा अवलंबून असे. दहा रुपयांचें जनावर निराळें, पन्नास रुपयांचें निराळें. नव्या संहितेनें तो बाजारी हिशेब काढून टाकला, हें एक बरें झालें. सरकारी नोकराच्या कामांत बुद्ध्या अडथळा आणणाऱ्यास २२१ व्या कलमान्वयें तीन महिन्यांची कैद वा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिपायावर हात टाकला तर १३२ वें कलम आहे आणि तेथें शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. प्राण्याला निष्कारण यातना देणाऱ्यासाठीं १९६० चा कायदा आहे. म्हणजे कुत्र्याला इजा झाली तर कलम आहे, त्याच्या कामांत खरोखर व्यत्यय आला तर कलम आहे, त्याचे हाल केले तर कलम आहे. या सर्वांतून वगळून उरतें तें काय? ज्यांत इजा नाहीं, यातना नाहीं आणि अडथळाहि नाहीं, असें निव्वळ वेडावणें. नवा कायदा हवा आहे तो एवढ्या उरल्यासुरल्या चोथ्यासाठीं!

परदेशाचा दाखला घेऊं. इंग्लंडमध्यें २०१६ च्या ऑक्टोबरांत स्टीव्हनेज गांवीं फिन नांवाच्या पोलीस कुत्र्याला एकानें सुऱ्यानें भोंसकलें. कुत्रा वांचला; परंतु त्यावेळच्या कायद्याप्रमाणें त्याला झालेली जखम ही जणुं मालमत्तेची नासधूस ठरत होती. लोकांना तें रुचलें नाहीं, आणि २०१९ सालीं सेवेंतील प्राण्यांविषयीं स्वतंत्र कायदा झाला. तो योग्यच झाला. पण तो सुऱ्याविरुद्ध आहे, जिभेविरुद्ध नाहीं. जिभेविरुद्धचा कायदा पाहावयाचा तर अमेरिकेंत जावें लागतें. ओहायो राज्यांतील मेसन या गांवीं २०११ सालीं पोलिसांच्या गाडींत बसलेल्या कुत्र्यावर भुंकला म्हणून एका तरुणावर आरोप ठेवण्यांत आला. कुत्र्यानेंच आरंभ केला, असें त्याचें म्हणणें होतें. जगभर त्या वृत्ताचा हंशा झाला. आमच्या पुढाऱ्यांनीं परदेशांतून आणावयाचें तें नेमकें हेंच काय? त्याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ मध्यें ह्यूस्टन शहराचा एक नियम रद्द केला. पोलिसाला त्याच्या कामांत शब्दांनींहि व्यत्यय आणूं नये, असा तो नियम होता. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, एवढ्या व्यापक नियमाखालीं कोणालाहि केव्हांहि पकडतां येईल, आणि पोलिसाला उलट बोलण्याची मुभा हें स्वतंत्र देशाचें एक लक्षण आहे. जेथें हाडामांसाच्या पोलिसाला टोंकणें गुन्हा ठरत नाहीं, तेथें त्याच्या कुत्र्याला वेडावणें गुन्हा ठरावें, ही संगति मला तरी लावतां येत नाहीं.

पण परदेशाकडे जावयाचें कारण काय? शोधकाम करणाऱ्या श्वानाची कथा आमच्याइतकी जुनी कोणाकडे आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा येते. पणींनीं गाई चोरून नेल्या, त्यांचा माग काढीत ती रसा नदी ओलांडून गेली; तिला जगांतील पहिली पोलीस कुत्री म्हणण्यास हरकत नसावी. पणींनीं तिला काय केलें? वेडावलें नाहीं; गोड बोलून फोडण्याचा यत्न केला. बहीण म्हणतों, गाईंचा वांटा देतों, येथेंच राहा, असें सांगितलें. सरमा बधली नाहीं. तपास बुडतो तो आमिषानें, टवाळीनें नव्हे, हें वैदिक ऋषींना ठाऊक होतें. आमच्या आजच्या सुधारकांना मात्र नाहीं. बृहद्देवतेंत याच कथेचें निराळें रूप आहे. तेथें सरमा पणींचें दूध पिते, परत येऊन खोटें सांगते, आणि इंद्र तिला लाथ मारतो. म्हणजे त्या पहिल्या शोधक श्वानाला लाथ बसली ती चोरांची नव्हे, धन्याची. या गोष्टीकडे पुन्हां यावें लागेल.

महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या यज्ञांत सरमेचा पिलू शिरतो. त्यानें हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं. तरी राजाच्या भावांनीं त्याला बडविलें. सरमा जाब विचारते, उत्तर मिळत नाहीं, तेव्हां ती शाप देते. रामायणाच्या उत्तरकांडाशीं जोडलेल्या एका कथेंत डोकें फुटलेला कुत्रा थेट रामाच्या दरबारीं फिर्याद घेऊन येतो, आणि भिक्षु ब्राह्मणाला अपराध कबूल करावा लागतो. त्या कुत्र्यानें शिक्षाहि स्वतःच सुचविली: या ब्राह्मणाला कालंजरच्या मठाचा अधिपति करा! कारण पूर्वजन्मीं आपणहि असेच मठाधिपति होतों, असें तो सांगतो. (शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर बसणाऱ्यांनीं ही कथा अवश्य वाचावी.) दोन्ही कथांत अपराध आहे तो मारण्याचा, आणि तोहि निरपराध प्राण्याला मारण्याचा. वेडावल्याबद्दल फिर्याद करणारा कुत्रा आमच्या पुराणांतहि नाहीं. आणि पुराणांत तर काय नाहीं?

उत्तरकांडांतला कुत्रा बोलत होता, ही त्याची मोठी सोय होती. आजच्या न्यायालयांत कुत्रा बोलत नाहीं, आणि यामुळें निर्माण होणारी अडचण आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६९ मध्यें, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका रेल्वेच्या घातपाताच्या खटल्यांत, फार मार्मिकपणें मांडली आहे. माग काढणाऱ्या कुत्र्याचा पुरावा किती मानावा असा प्रश्न होता. न्यायमूर्तींनीं जे आक्षेप नोंदले त्यांचा मथितार्थ असा: कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहूं शकत नाहीं, त्याची उलटतपासणी होत नाहीं, त्याच्या वतीनें त्याचा सांभाळ करणारा माणूस बोलणार, म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली, आणि माणसाचें जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर सोंपविणें मनाला पटत नाहीं. खुनासारख्या गुन्ह्यांतहि ज्याची साक्ष एवढ्या जपून घ्यावयाची, त्याच्या मनाला लागलें कीं नाहीं याचा निर्णय मात्र शिपायाच्या तोंडून घेऊन माणसाला कैदेंत पाठवावयाचें! कुत्रा चिडला होता काय? शिपाई म्हणेल, होय. आरोपीच्या वेडावण्यानेंच चिडला, कीं उन्हानें, भुकेनें, शेजारच्या गल्लींतील कुत्रीच्या वासानें? शिपाई म्हणेल, वेडावण्यानेंच. मग आरोपीच्या वकिलानें उलटतपासणी कोणाची घ्यावयाची?

'चिडविणें' हा शब्दच असा आहे कीं, त्यांत पकडणाऱ्याला हवें तें बसतें. अशा शब्दांचा अनुभव महाराष्ट्रानें नुकताच घेतलेला आहे. २०१२ च्या नोव्हेंबरांत पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील एका मजकुरासाठीं पोलिसांनीं पकडलें. मुंबई बंद कां राहावी एवढाच त्या मजकुराचा मथितार्थ होता. एकीनें तो लिहिला, दुसरीनें तो पसंत केला. त्या प्रकरणांत लावलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम 'त्रास', 'गैरसोय' असल्या शब्दांवर उभें होतें, आणि शब्द इतके सैल आहेत कीं नागरिकाला आपण केव्हां गुन्हा केला हेंच कळणार नाहीं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१५ मध्यें तें कलम समूळ रद्द केलें. माणसांना होणारा 'त्रास' जर इतका अनिश्चित, तर कुत्र्याला होणारा 'त्रास' कोणत्या मापानें मोजावयाचा? खुद्द सरकारनें २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें ४२ अधिनियमांतील १८३ तरतुदींतून बारीकसारीक अपराध कमी केले किंवा सौम्य केले. एकीकडे जुने फुटकळ गुन्हे पुसावयाचे आणि दुसरीकडे नवे फुटकळ गुन्हे लिहावयाचे, याला काय म्हणावें?

हें सर्व झालें तर्काचें. परंतु मला खरी धास्ती वाटते ती तर्काची नव्हे. कायदा पुस्तकांत सर्वांना सारखा असतो. हातांत कोण सांपडतो हें वेगळें. भंडाऱ्याच्या वकीलगल्लींतील मुलगा श्वानपथकासमोर भुंकला तर शिपाई हंसून 'चला, बाजूला व्हा' म्हणेल. तेंच वैनगंगेकांठच्या ढिवराच्या पोरानें केलें तर? पारध्याच्या पालावरच्या पोरानें केलें तर? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला खरा. पण चोरी झाली कीं पहिली नजर कोठें वळते हें सर्वांना ठाऊक आहे. अशा वस्तींत तो कुत्रा येतो तो कुतूहलाचा विषय म्हणून नव्हे, संकट म्हणून येतो. तो ज्याच्यापाशीं थांबला त्याची दशा काय होते, हेंहि तेथील पोरांनीं पाहिलेलें असतें. अशा वेळीं एखादें पोर काठी उगारतें, ओरडतें, तें टवाळी म्हणून नव्हे, तर भीतीनें. भीति आणि टवाळी यांत फरक करण्याची जबाबदारी आपण कोणावर टाकणार? साखळी ज्याच्या हातांत आहे त्याच्यावर!

आणि तो कुत्रा चावला तर? ही बाब कोणीच बोलत नाहीं, म्हणून मी बोलतों. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आतां महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, रस्त्यांत माणसाच्या अंगावर कुत्रा घालणाऱ्यास दोषी धरतो. म्हणजे आजवर कायद्याची धारणा अशी कीं, कुत्र्यापासून माणसाचें रक्षण करावयाचें. नव्या कायद्यानें हें पारडें उलटें होईल. साखळी ढिली राहिली, पोराची पोटरी फाडली गेली, आणि त्याचा बाप तक्रार घेऊन गेला, तर उत्तर तयार असेल: तुझ्या पोरानें आधीं सरकारी कुत्र्याला चिडविलें, तोच आरोपी आहे. चावा खाल्लेल्यानेंच जामीन शोधावयाचा! ज्या सज्जनांनीं भूतदयेपोटीं ही सूचना केली त्यांच्या मनांत हें नाहीं, हें मी जाणतों. परंतु कायद्याचा उपयोग सज्जनांच्या मनाप्रमाणें होत नसतो.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र विचारार्ह आहे. आज वेडावणें, उद्यां दगड, परवां काठी, असें ते म्हणतात. आणि डेहराडूनच्या 'शक्तिमान' या पोलीस घोड्याचें उदाहरण देतात. १४ मार्च २०१६ ला एका मोर्च्यांत तो जायबंदी झाला, त्याचा पाय कापावा लागला, कृत्रिम पाय बसविला, आणि २० एप्रिलला तो गेला. त्या मुक्या जनावराची तीं छायाचित्रें पाहून ज्याला वाईट वाटलें नाहीं तो माणूस नव्हे. परंतु त्या प्रकरणांतून शिकावयाचें काय? कायदा नव्हता म्हणून आरोपी सुटले, असें झालें नाहीं. कायदा होता, आरोप ठेवले गेले, एक आमदार अटकेंतहि गेले. आणि २०२१ मध्यें न्यायालयानें आरोपींस निर्दोष सोडलें. गुन्ह्यांच्या यादींत आणखी एक ओळ वाढवून पुरावा वाढत नाहीं. शिवाय त्या दिवशींचें संकट घोडा नेला कोठें यांत होतें. चेंगराचेंगरीच्या मोर्च्यांत जनावर घालणें हाच मुळांत विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या प्राण्यांची थोरवी मी कमी लेखतों, असा कोणीं ग्रह करूं नये. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबईंत 'जंजीर' या कुत्र्यानें जें काम केलें त्याला तोड नाहीं. तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स त्याच्या नाकानें शोधून काढलें. २००० च्या नोव्हेंबरांत तो वारला तेव्हां पोलिसांनीं त्याला सन्मानानें निरोप दिला. स्फोटकें म्हणजे काय हें भंडाऱ्याच्या माणसाला तरी समजावून सांगावें लागत नाहीं. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटांत कामगार दगावले, तें दुःख अजून ताजें आहे. पण जंजीराची थोरवी कशांत होती? गर्दी, गोंगाट, धूर, किंकाळ्या यांत नाक जमिनीला लावून तो आपलें काम करीत राहिला, यांत. अशा कुत्र्यांना शिकवितांना पहिला पाठ हाच असतो कीं, परक्याच्या हाकेकडे व परक्याच्या घांसाकडे लक्ष द्यावयाचें नाहीं. जो कुत्रा दहा वर्षांच्या पोराच्या भुंकण्यानें माग सोडील तो अजून शिकावयाचा आहे. त्याला प्रशिक्षण केंद्रांत परत पाठवावें. त्याच्या उणिवेची भरपाई पोराला शिक्षा देऊन होणार नाहीं.

आतां इंद्राच्या लाथेकडे येऊं. या श्वानांचे हाल खरोखर कोण करतें? आमच्या लष्करांत निवृत्त झालेल्या निरोगी कुत्र्यांनाहि इंजेक्शन देऊन संपविण्याची रीत होती. माहितीच्या अधिकाराखालीं २०१५ मध्यें ती उघडकीस आली, गवगवा झाला, दिल्लीच्या उच्च न्यायालयांत प्रकरण गेलें, तेव्हां कोठें सरकारनें ती सोडण्याची हमी दिली. देशासाठीं आठ-दहा वर्षें राबलेल्या प्राण्याचा शेवट असा करणारें सरकार त्याच्या मानहानीबद्दल नागरिकाला जाब विचारणार! आणि लष्कर तरी कशाला? मे महिन्यांत आमच्या जिल्ह्यांत पारा ४५ अंशांकडे जातो. अशा उन्हांत पत्र्याच्या गाडींतून तासन्तास प्रवास केलेल्या कुत्र्याला लाखांदूरच्या पोरांची शीळ जाचते, कीं गाडीचा तापलेला पत्रा? १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत दंगा झाला होता, तो कंपनी सरकारचे शिपाई मोकाट कुत्रीं मारीत सुटले म्हणून. पारशी, हिंदु, जैन सारे रस्त्यावर आले, बाजार बंद पडले. त्या काळीं लोकांनीं सरकारच्या हातून कुत्रा वांचविला. आज सरकारनें लोकांपासून कुत्रा वांचवावा अशी मागणी होत आहे, हा काळाचा महिमा म्हणावा काय?

ज्यांना प्राण्यांची खरीच कळकळ आहे त्यांना काम पुष्कळ आहे. लाखनीचा शंकरपट आमच्याकडे कोणाला माहीत नाहीं? २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें स्वतःची दुरुस्ती केली. २०२१ च्या डिसेंबरांत शर्यतींना वाट मिळाली आणि २०२३ च्या मे मध्यें घटनापीठानें ती दुरुस्ती उचलून धरली. पटाची मजा मी जाणतों, त्याचा विरोधक नाहीं. परंतु या दुरुस्तीप्रमाणें शर्यतींत अटी मोडून बैलाला छळणाऱ्यास तीन वर्षें कैद वा पांच लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि पटाबाहेर, रोजच्या वाटेवर, ओझ्याखालीं बैलाला आरीनें टोंचून रक्त काढणाऱ्यास १९६० च्या मूळ कायद्यानें पहिल्या गुन्ह्यासाठीं दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. सहा दशकें तो तसाच राहिला. पन्नास रुपयांत आज भंडाऱ्याच्या बाजारांत किलोभर चांगला तांदूळहि मिळत नाहीं. शेतकऱ्याचा बैल रक्तबंबाळ झाला तर पन्नास रुपये, आणि सरकारी कुत्र्याकडे पाहून कोणी भुंकलें तर कैद, अशी भूतदया जगांत दुसरीकडे कोठें असेल असें वाटत नाहीं. ही दया प्राण्याची नव्हे, त्याच्या गळ्यांतील सरकारी पट्ट्याची आहे.

विधानसभेला या विषयांत कांहीं करावयाचेंच असेल तर १९६० च्या कायद्यांत आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करतां येते, हें तिनें २०१७ मध्यें दाखवून दिलेलेंच आहे. तेव्हां त्या पन्नास रुपयांच्या आंकड्यापासून तिनें आरंभ करावा. निवृत्त श्वानांच्या वैद्यकीय खर्चाची तजवीज अंदाजपत्रकांत घालावी. आणि जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यांनीं पथकाच्या गाडींत पिण्याच्या पाण्याची सोय, छतावर एक जाड ताडपत्री व पन्नास हात दोर ठेवावा. दोर ताणून धरण्यास गांवांतले दोन कोतवाल पुरतात, आणि त्याच्या पलीकडून पोरें कितीहि भुंकलीं तरी माग मोडत नाहीं.